दादांचा अर्ज

संगमनेर तालुक्यात निमज नावाचे गाव आहे. तिथले नामदेव जाधव मराठा पलटणीत शिपाई होते, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नदी म्हणाल तर पंधरा फूट रुंद, पाणी छातीइतके. पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फूट उंच बांध आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांची ठाणी. बरोबरचे पडले तेव्हा नामदेवांनी दोघा जखमींना एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवले. मग पुन्हा परत गेले. हाताला गोळी लागली, बंदूक चालेना, तेव्हा हातबाँब घेऊन उरलेली मशीनगनची ठाणी त्यांनी बंद पाडली. आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले.

ही गोष्ट आम्हा पोरांना पाठ होती. मला जरा जास्तच. कारण माझे वडील त्याच पलटणीत होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. गाव त्यांना 'मिलिटरीवाले' म्हणे. पलटणीत त्यांनी नेमके काय केले, हे मात्र कुणी कधी विचारले नाही, आणि दादा आपण होऊन सांगणाऱ्यांतले नव्हते.

दादांची नोकरी जेमतेम पाच वर्षांची. लढाई संपली, नावे कमी झाली, पेन्शन नाही. घरी सहा एकर उताराची मुरमाड जमीन आणि एक विहीर. त्या जमिनीवर या माणसाने जो जीव लावला तो आम्हां पोरांवरही लावला नसेल! दर उन्हाळ्यात वावरातले दगड वेचून ते ताल घालीत. एका उन्हाळ्यात दहा-बारा हात, त्याहून जास्त नाही. पावसाळ्यात रात्री-अपरात्री सर आली की घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन, कुदळ खांद्यावर टाकून निघत. ताल कुठे फुटली ते पाहिल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. आई चिडे, "ती काय पळून चालली का?" दादा म्हणत, "ताल न्हाई पळत. माती पळती."

१९७२ साली पाऊस आलाच नाही. विहिरीत टोपले बुडेना. दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो यांवर घर चाले. मी तेव्हा अठरा वर्षांचा. इटलीत लढलेला माणूस उन्हात खडी फोडतो याची मला लाज वाटे. माजी सैनिकांना सरकारी पडीक जमीन मिळू शकते असे कुणीतरी सांगितले. मी एका रात्रीत झकास अर्ज लिहिला. अर्जदाराने नामदेव जाधवांच्या खांद्याला खांदा लावून सेनिओ ओलांडली, असे त्यात ठोकून दिले आणि मोठ्या ऐटीत दादांना वाचून दाखवले.

दादांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बोलले नाहीत.

"मी लंगरात व्हतो," ते म्हणाले. "मागं. त्या सांजेला पोरं माघारी येतील म्हणून चहाचं आधण ठेवलं व्हतं. नामदेवानं केलं ते नामदेवाचं. मला ठावं हाय ते एवढंच, की चहा किती उरला."

मी गप्प. मग त्यांनीच पुढे सांगितले, "पुढं लंगर हालला तवा त्यो बांध पाह्यला. माती बघ कशी दाबून घातल्याली. कोन्या शेतकऱ्यानं लई राबून घातला असंल."

त्यांनी कागदाची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. "दुसरा लिही. नाव, गाव, पलटण, काम लंगराचं." मी तसा लिहिला. त्या अर्जाचे पुढे काही झाले नाही. खरे सांगायचे तर, खोटा अर्ज गेला असता तर जमीन मिळाली असती, या विचाराने मी वर्षभर मनात दादांवर रागावलो होतो.

ते मात्र दिवसभर खडी फोडून आल्यावर संध्याकाळी वावरात जात आणि तालीवर चार दगड चढवीत. मी एकदा म्हणालो, "दादा, पाणी नाही, पाऊस नाही, ताल कशाला?" तर म्हणाले, "पाऊस येनारच हाय. तवा सवड न्हाई मिळायची."

दादांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. जिल्ह्याचे नावही २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ताल शाबूत आहे. वरच्या वावरात माझा पुतण्या बाजरी करतो. दादांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. तिच्यात भोपळ्याच्या आणि दोडक्याच्या बियांच्या पुरचुंड्या होत्या, त्यांच्याखाली फडक्यात बांधलेली पदके, आणि अगदी तळाशी माझा तो पहिला अर्ज, चार घड्या घातलेला. त्यांनी तो फाडला नव्हता.