हातांचा हिशोब

काम किती, त्याला हात किती नि कधी लागतील, कुणाला काय येतं, हे मांडणारा माणूस मोठ्या कंपन्या पगारावर ठेवतात. त्याला वर्कफोर्स अ‍ॅनालिस्ट म्हणतात. आपल्या दापोलीत बचत गटाला त्याची गरज मे महिन्यात पडते. आंबा, काजू, रातांबे सगळं एकदम येतं आणि पावसाआधी आमसुलं वाळायला हवीत.

ऑर्डर घेण्याआधी घड्याळ लावून बघा, एक बाई तासाला किती रातांबे फोडते. समजा 10 किलो. मग 300 किलोंना 30 तास, म्हणजे सहा जणींना पाच-पाच तास. पण सालं पुन्हापुन्हा रसात घालणं, उन्हात पसरणं, संध्याकाळी गोळा करणं? हे तास आपण धरतच नाही, आणि भाव तिथेच पडतो.

शिवाय घर आहेच. 2019 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी 299 मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषांचा 97. म्हणजे आपले पाच तास आधीच गेलेले! तेव्हा वहीत नुसती हजेरी नको. नावापुढे काम लिहा, तास लिहा, आणि मीठ-पाकिटांच्या खर्चाखाली त्या तासांची मजुरी मांडून मगच भाव सांगा.