इंग्रजीतला 'द' आणि आपला विद्यार्थी



आज आम्ही एका लहानशा शब्दाविषयी बोलणार आहोत. तो म्हणजे इंग्रजीतला 'द'. व्याकरणात त्याला निश्चित उपपद म्हणतात. नांदेड-लातूरकडचा आपला विद्यार्थी गणितात, विज्ञानात मागे नाही. पण इंग्रजीत अर्ज लिहायला बसला की 'द' कुठे घालावा, या शंकेने त्याची लेखणी अडते. मराठीत असा शब्दच नाही, तेव्हा हे आपल्याला जमणारे नाही, असे तो मानून बसतो. हा न्यूनगंड निराधार आहे.

मराठीत शब्द नाही, पण भेद आहे. 'आम्ही डॉक्टर शोधत होतो' आणि 'आम्ही डॉक्टरला शोधत होतो', ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठराविक डॉक्टर आहे. शाळेची पायरी न चढलेली आपली आजीसुद्धा येथे चुकत नाही. इंग्रजीत पहिल्याला 'अ डॉक्टर' आणि ऐकणाऱ्याला माहीत असलेल्या दुसऱ्याला 'द डॉक्टर' म्हणतात, इतकेच.

तेव्हा नाम लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारा : कोणता, हे ऐकणाऱ्याला कळले आहे काय? लातुरात वडीलधाऱ्यांपुढे नुसते 'भूकंप' म्हटले, तरी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट डोळ्यांपुढे उभी राहते. तेथे 'दि अर्थक्वेक'. (स्वरापूर्वी 'द'चा उच्चार 'दि' होतो.) परप्रांतातल्या माणसाला तीच हकिकत प्रथम सांगताना मात्र 'ॲन अर्थक्वेक'. भूकंप तोच; ऐकणारा बदलला.

काही गोष्टी रिवाजाच्या आहेत, त्या लक्षात ठेवाव्यात. नदीच्या नावाला 'द' लागतो, गावाच्या नावाला नाही. 'द गोदावरी', पण नुसते 'नांदेड'. 'द मांजरा', पण नुसते 'लातूर'. मग 'द लातूर पॅटर्न' कसे? तेथला 'द' लातूरचा नव्हे, पॅटर्नचा आहे. तसेच मुलगा शिकायला जातो तेव्हा 'टू स्कूल'. वडील दाखला आणायला जातात तेव्हा 'टू द स्कूल'.

बाबासाहेबांचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आपल्या घराघरांत आहे. त्याचे इंग्रजी नाव 'द बुद्धा अँड हिज धम्मा'. बुद्ध हे जन्मनाव नसून पद आहे, म्हणून तेथे 'द'. धम्मापूर्वी 'हिज' असल्याने कोणाचा धम्म हे कळते. तेथे 'द' नको. संविधानाच्या इंग्रजी उद्देशिकेतही 'पीपल' शब्दाआधी 'द' आहे. तो काढला तर काही लोक असाही अर्थ निघेल. तो असल्यामुळे भारताचे सर्व लोक त्यात आले. एवढ्याशा शब्दात केवढी जबाबदारी आहे पाहा!

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद रोज घ्या. प्रत्येक 'द'भोवती पेन्सिलीने वर्तुळ करा आणि तो तेथे का आला, हे शेजारच्या मित्राला मराठीत समजावून सांगा. ज्यांचे शिक्षण झाले आहे अशा सभासदांनी आठवड्यातून एक तास या मुलांजवळ बसावे. मुलांची समज पक्की आहे. उणीव आहे ती सरावाची, आणि ती भरून काढणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.

जयभीम!