अंगात आलेले शब्द

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हाची गोष्ट. विषय इंग्रजी वाङ्मय. आमच्या मोहल्ल्यातल्या एका तलाक मिळालेल्या बाईवर मी मराठीत कविता लिहिली. ती छापून आली आणि त्याच संध्याकाळी तीन वडीलधारी माणसं अब्बांकडे तक्रार घेऊन आली. ती गेल्यावर मी तावातावाने म्हणालो, "फॅनॅटिक आहेत सगळे!"

अब्बा शिलाई मशीनवर बसले होते. पाय थांबवून त्यांनी विचारलं, "म्हणजे काय, बेटा? आपल्या बोलीत सांग." मला सांगता येईना.

चार दिवसांनी कॉलेजच्या ग्रंथालयातून उत्तर घेऊन आलो. लॅटिनमध्ये 'फानुम' म्हणजे देऊळ. तिथे ज्याच्यात दैवी संचार होतो तो 'फानाटिकुस'. रोममधले बेलोना या युद्धदेवीचे भक्त उन्मादात स्वतःच्या दंडांवर शस्त्र चालवत, त्यांनाही हेच नाव होतं. मी म्हणालो, "अब्बा, फॅनॅटिक म्हणजे अंगात आलेला माणूस."

अब्बा हसले. आमच्या गावात देवीच्या जत्रेत बायांच्या अंगात येतं, मोहरममध्ये सवारी येते. ते म्हणाले, "अंगात आलेल्याला आपण शिव्या देतो का? विचारतो ना, कोण आहेस, काय पाहिजे? मग जा, विचारून ये."

गेलो. "घरातली गोष्ट तू चव्हाट्यावर आणलीस, लोक आपल्याला हसतील," असं त्यांचं म्हणणं होतं. रागाच्या तळाशी भीती होती. मी विचारलं, "आणि त्या बाईचं काय?" त्यावर तिघेही गप्प बसले. मी कविता मागे घेतली नाही. त्यांनीही तक्रार मागे घेतली नाही. पण तो इंग्रजी शब्द मी त्यांच्यासाठी पुन्हा वापरला नाही.

तेव्हापासून अशा शब्दांची कुळकथा शोधायचा नाद लागला. 'प्रोफेन' म्हणजे अपवित्र. तोही त्याच 'फानुम'मधून निघाला. मूळ अर्थ देवळाबाहेरचा. आत घुमणारा आणि बाहेर उभा राहिलेला, दोघांचे शब्द एकाच देवळातले! आपण नटाचे, क्रिकेटपटूचे 'फॅन' असतो, तेही बहुधा 'फॅनॅटिक'चंच धाकटं रूप.

'एन्थुझिॲझम' ग्रीकमधला, ज्याच्या आत देव आहे, त्याची ती अवस्था. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ही जवळजवळ शिवी होती. देव थेट आपल्याशी बोलतो असं सांगणाऱ्या पंथांना ती दिली जाई. जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या १७०० सालच्या आवृत्तीत त्यावर स्वतंत्र प्रकरण घातलं. आज नोकरीच्या अर्जात आपण तोच गुण अभिमानाने लिहितो.

'झेलट' म्हणजे पहिल्या शतकात रोमन सत्तेविरुद्ध उठलेले ज्यू. येशूच्या बारा शिष्यांतल्या एका सायमनलाही हे बिरुद आहे. मूळ ग्रीक शब्द 'झेलॉस'. त्यातूनच 'जेलस' आला. धर्माची तळमळ आणि मत्सर अशी सख्खी भावंडं निघाली. आणि आमच्याकडे 'मजनून' म्हणजे मुळात जिन्नाने झपाटलेला.

या सगळ्यांत 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द निराळा. तो शिवी म्हणून जन्मला नाही. १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाच्या पुस्तिका निघाल्या, प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्माची मूळ तत्त्वं सांगणाऱ्या. त्यांवरून १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने आपल्याच बाजूच्या लोकांना हे नाव अभिमानाने दिलं. १९७९ च्या इराणमधल्या क्रांतीनंतर तो मुसलमानांना सर्रास लागू लागला. मराठीत त्याचा 'मूलतत्त्ववादी' झाला आणि माझ्यासारख्याच्या दारापर्यंत आला.

गैरसमज नको. धर्माच्या नावाने हातात शस्त्र घेतलेल्याला काय पाहिजे म्हणून विचारत बसता येत नाही. त्याला कायद्यानेच आवरलं पाहिजे. असे लोक माझ्या धर्मात आहेत, इतर धर्मांतही आहेत. पण शब्द मात्र शस्त्र न धरलेल्यांच्या कपाळी आधी चिकटतो.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून दिली, "हे मुसलमान असूनही कट्टर नाहीत." टाळ्या पडल्या. त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. नंतर चहा घेताना मी विचारलं, "सर, कट्टर मुसलमान तुम्हाला कुठे भेटला?" ते बराच वेळ आठवत राहिले. मग प्रांजळपणे म्हणाले, "तसा भेटला नाही कुणी."

मला राग आला नाही. मीही एकदा तीन माणसांना, काही न विचारता, एक शब्द चिकटवला होता. फरक इतकाच, की माझ्या घरी मशीनचा पाय थांबवून अर्थ विचारणारं कुणी तरी होतं.