पोट फुगले तर एरंडेल नको



पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, शौच नाही, वाराही सरत नाही, की आपल्याकडे एरंडेलाची बाटली निघते. आतडे अडलेले असेल तर हा उपाय घातक! मी शस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करते, म्हणून स्पष्ट बोलते.

लहान आतडे अडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे जुन्या ऑपरेशननंतर आतडी आत चिकटणे. सिझेरियन वीस वर्षांपूर्वीचे असले तरी डॉक्टरांना सांगा. नवऱ्याची दुखणी आपल्याला तारखांसह पाठ असतात. स्वतःचे ऑपरेशन मात्र आठवत नाही.

साध्या क्ष-किरण फोटोत फुगलेली आतडी दिसतात. अडथळा कोठे आहे, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आहे काय, हे सीटी स्कॅन दाखवतो. तशी चिन्हे असली तर ऑपरेशनला उशीर चालत नाही. नसली तर नाकातून नळी घालून पोट रिकामे करतात, सलाईन लावतात, आणि त्याच नळीतून फोटोत पांढरे उमटणारे औषध सोडतात. ते 24 तासांत मोठ्या आतड्यात उतरलेले दिसले, तर बहुधा पोट न उघडताच सुटका होते.

‘उद्या फोटो पाहू’ असे डॉक्टर म्हणाले, की घरच्यांना ती हयगय वाटते. ती हयगय नव्हे. मात्र त्या वेळात दुखणे वाढले, ताप आला, तर रात्र असली तरी नर्सला उठून सांगावे.