हात सोडा, मावशी

(महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मला ‘स्त्रिया आणि आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. त्या विषयावर मी येणारच आहे, पण आधी मी धावले त्याची गोष्ट सांगते. हसू नका! चौपन्नाव्या वर्षी, खरोखरीच्या स्टेडियमवर धावले.

गेल्या महिन्यात पुण्याला बहिणीकडे गेले होते. भाची लांब पल्ल्याची धावपटू. खेळाच्या कोट्यातून तिला रेल्वेत नोकरी लागली, म्हणजे धावणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. तिचा सराव बालेवाडीला चालतो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते संकुल मी बसमधून कितीदा पाहिलं होतं. आत पाऊल टाकायचं कधी सुचलंच नाही. ते आपल्यासाठी नसतं, असं आपण धरूनच चालतो ना?

पहाटे साडेपाचला तिच्याबरोबर गेले. अंधुक उजेड, रिकामी आसनं आणि मधे तो तांबडा ट्रॅक. पायाखाली तो किंचित दबतो, लगेच पाय वर उचलून देतो. पाच-सहा मुली अंग सैल करत होत्या. त्यांचे सर म्हणाले, “ताई, बसून काय करता? वॉर्मअपला या यांच्याबरोबर. फक्त बाहेरच्या लेनमधून पळा.” ही बाहेरची लेन म्हणजे आठवी. आतल्या लेनमधली फेरी ४०० मीटरची, माझी ४५० च्या वर. हे मला नंतर कळलं!

मुली अगदी सावकाश पळत होत्या, आपसात गप्पा मारत. मला तेवढ्यानंच धाप लागली. शंभरेक मीटर गेले असेन, तेव्हा भाची ओरडली, “मावशी, हात सोडा!” पाहते तर माझा उजवा हात छातीशी घट्ट धरलेला. ओढणी मी बाकावरच ठेवली होती. सावरायला काहीसुद्धा नव्हतं, तरी हात सावरत होता. आपण बायका काय पळत नाही? बस पकडायला पळतो, टँकर आला की हंडे घेऊन पळतो, पण एक हात कायम पदराशी. तेराव्या वर्षी पाळी आली आणि आजी म्हणाली, “आता पुरे हुंदडणं.” खो-खो सुटला तो तेव्हाच. हात मात्र तेव्हापासून तिथंच राहिला होता. सरांनी दाखवलं: कोपरं वाकवायची, हात खांद्यातून मागेपुढे हलवायचे, छातीवरून आडवे न्यायचे नाहीत. हाताला पाय साथ देतात. खरंच देतात हो! उरलेली फेरी मी हात मोकळे सोडून पुरी केली. घड्याळ कुणी लावलं नव्हतं, हे बरंच झालं. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत, दर चारशे मीटरला सुमारे ७५ सेकंद! तेवढ्या वेळात मी अर्ध्यावरही पोचले नसते.

बाईचं शरीर हे सोसणार नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला बायका ८०० मीटर पळाल्या, शेवटी काहीजणी दमून खाली बसल्या, आडव्या झाल्या. लगेच गहजब झाला आणि १९६० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये ती शर्यत बायकांसाठी बंदच होती. पुरुष दमून पडला तर ती जिद्द! बायकांची ऑलिम्पिक मॅरेथॉन तर थेट १९८४ साली सुरू झाली.

आता मैदान मिळालं आहे. पण मैदानावर आलेल्या शरीराबद्दल बोलता येतं का?

पळून झाल्यावर मी पायरीवर बसले होते. शेजारी एकोणीस वर्षांची एक मुलगी नडगीला बर्फ लावत बसली होती. बीडकडची, आईवडील ऊसतोडीला जातात. इथं तिघी मैत्रिणी खोली घेऊन राहतात, हातानं करून खातात. मी सवयीनं विचारलं, “पाळी नीट येते ना गं?” ती खुशीत म्हणाली, “पाच महिने नाहीच. कटकट गेली.” तिला वाटत होतं, तयारी चांगली चालल्याची ही खूण आहे.

मैत्रिणींनो, ही चांगली खूण नाही. मेहनत खूप आणि खाणं अपुरं असलं की शरीर काटकसर करतं आणि पाळी थांबवतं. हाडांना जपणारं इस्ट्रोजेनही कमी होतं. मग कोवळ्या वयात हाडं ठिसूळ होतात, पायाच्या हाडाला बारीक तडे जातात. म्हणून तर मला त्या नडगीची धास्ती वाटली. दिवसभरात काय खातेस विचारलं, तर सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पोळीभाजी, रात्री कंटाळा आला तर मॅगी. त्यावर रोज बारा-पंधरा किलोमीटर पळणं!

सर भले गृहस्थ आहेत. मुलींची प्रत्येक वेळ वहीत मांडून ठेवतात. पण त्या वहीत पाळीचा रकाना नाही. विचारायला त्यांना संकोच आणि सांगायला हिला. ती माझा हात धरून म्हणाली, “मावशी, सरांना सांगू नका. विश्रांती देतील. पुढच्या महिन्यात निवड आहे. यंदा नाव लागलं नाही तर घरचे परत बोलावतील, स्थळ बघून ठेवलंय.” आता सांगा, या मुलीला कुठल्या तोंडानं म्हणू, की थांब?

मी सरांना सांगितलं नाही. भाचीबरोबर तिला एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथं तपासण्या झाल्या. सहा आठवडे पळणं बंद, भरपूर खा, असं त्यांनी लिहून दिलं आहे. तो कागद तिनं सरांना दाखवला की नाही, मला कळलेलं नाही. भाची म्हणते, ती रोज मैदानावर येते, कडेला बसते, मधेच उठून पळते.

तिनं विश्वासानं सांगितलेलं मी परस्पर सरांच्या कानावर घालायला हवं होतं का? तीन आठवडे हाच विचार डोक्यात आहे. चहानंतरच्या चर्चेत मला तुमचं म्हणणं ऐकायचं आहे. येत्या रविवारी शेंगदाण्याचे लाडू घेऊन मी पुन्हा तिकडे जाणार आहे. पहाटे साडेपाचला उठायची तयारी असेल तर कुणीही बरोबर चला.