चौदा मार्चचे तिघे

(एका शाळेत १४ मार्च रोजी गणित दिनानिमित्त मुलांपुढे केलेले भाषण.)



आज १४ मार्च. तुमच्यापैकी कोणाचा आज वाढदिवस आहे का? हात वर करा पाहू. अरे वा! त्या कोपऱ्यात एक आणि इकडे पुढे एक. दोघांनाही शुभेच्छा!

दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी आला, की आपल्याला गंमत वाटते. २ ऑक्टोबर म्हटले, की महात्मा गांधी आणि लालबहादूर शास्त्री ही दोन नावे तुम्ही एका दमात सांगता. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळक जन्मले आणि बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच तारखेला, चंद्रशेखर आझाद जन्मले. मग मनात येते, त्या तारखेतच काही जादू असेल का?

जादू नाही, गणित आहे. समजा, एका खोलीत २३ मुले आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवायचा. पहिला मुलगा २२ जणांशी हात मिळवील, दुसरा उरलेल्या २१ जणांशी, तिसरा २० जणांशी. असे करत गेलो, तर एकूण २५३ जोड्या होतात! इतक्या जोड्यांत एखाद्या तरी जोडीची तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. पन्नास मुलांच्या वर्गात तर अशी जोडी सापडली नाही, तरच नवल. उद्या तुमच्या वर्गात मोजून पाहा. मात्र आजी-आजोबांचे शाळेचे दाखले मोजायला घेऊ नका हं! पूर्वी अनेक आईवडिलांना मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे. मग शाळेत नाव घालताना गुरुजी '१ जून' लिहून मोकळे होत. त्यामुळे आपल्या महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे गावोगाव भेटतात.

आता आपण जर्मनीत जाऊ. त्या देशाच्या इतिहासात १४ मार्चला जन्मलेली तीन मोठी माणसे आहेत. एक संगीतकार, एक वैद्यकातला संशोधक आणि एक शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञाचे नाव तुम्ही ओळखलेच असेल. पण ते शेवटी.

पहिला गेओर्ग फिलिप टेलेमान. तो १६८१ मध्ये माग्डेबुर्ग शहरात जन्मला. तो लहान असतानाच वडील वारले. गेओर्गला संगीताचे भारी वेड. बाराव्या वर्षी त्याने एक संगीत नाटकच रचले. आईने कौतुक केले असेल, असे तुम्हांला वाटेल. छे! मुलगा गाण्याबजावण्याच्या नादी लागला, याची तिला चिंता वाटली. तिने त्याची सगळी वाद्ये काढून घेतली. मग गेओर्ग चोरून सराव करू लागला. पुढे त्याला कायदा शिकायला पाठवले, तरी तो संगीताकडेच वळला. त्याने आयुष्यात तीन हजारांहून अधिक संगीतरचना केल्या.

त्याच्या तारखेची एक गंमत सांगतो. त्या काळी जर्मनीच्या काही भागांत जुनी दिनदर्शिका चालत असे. ती नव्या दिनदर्शिकेच्या दहा दिवस मागे होती. आज आपण वापरतो त्या दिनदर्शिकेप्रमाणे टेलेमानचा जन्मदिवस २४ मार्चला येतो! पण त्याच्या घरच्यांनी १४ लिहिले, म्हणून आपणही १४ म्हणायचे.

दुसरे पॉल एर्लिख. त्यांचा जन्म १८५४ चा. त्यांचे गाव आता पोलंड देशात आहे. पॉलला छंद होता रंगांचा. पण चित्रे काढण्याचा नव्हे. त्या वेळी जर्मनीत कापड रंगवण्यासाठी रसायनांपासून नवे नवे रंग तयार होत होते. वैद्यकाचा हा विद्यार्थी ते रंग घेई आणि शरीरातील पेशींना लावून सूक्ष्मदर्शकातून पाही. एक रंग काही पेशींनाच चढतो, शेजारच्या पेशी कोऱ्याच राहतात, हे त्याला दिसले. असे का होत असेल? या प्रश्नाने त्याची पाठ कधीच सोडली नाही.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचे जंतू शोधून काढले. ते जंतू सहज दिसत नसत. एर्लिख यांनी लगेच रंगवण्याची अधिक चांगली रीत शोधली. त्या जंतूंना एकदा रंग चढला, की आम्लानेही तो निघत नाही, हे त्यांनी दाखवले. आजही दवाखान्यात क्षयासाठी थुंकी तपासतात, तेव्हा याच रीतीची सुधारलेली पद्धत वापरतात. पुढे एर्लिख स्वतःच आजारी पडले. त्यांनी आपलीच थुंकी तपासली, तर तिच्यात क्षयाचे जंतू! हवापालटासाठी ते इजिप्तला गेले, बरे झाले आणि परत येऊन कामाला लागले.

आता त्यांच्या मनात वेगळाच विचार घोळू लागला. रंग जर नेमका जंतूलाच चिकटतो, तर नेमके जंतूलाच मारील आणि माणसाला इजा करणार नाही, असे औषध का करता येऊ नये? आपण ज्याला रामबाण औषध म्हणतो, ते त्यांना खरोखरचा बाण म्हणून हवे होते. फ्रँकफुर्ट शहरातील त्यांच्या प्रयोगशाळेत एकामागून एक रसायने तयार होऊ लागली. प्रत्येकाला क्रमांक दिला जाई. ६०६ क्रमांकाचे रसायन निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. १९०९ मध्ये साहाचिरो हाता या जपानी सहकाऱ्याने ते पुन्हा तपासले आणि तेच एका भयंकर रोगावर लागू पडले! हाता यांनी ते पुन्हा हातात घेतले नसते तर? मला तर ६०६ ची ही गोष्ट नोबेल पारितोषिकाहूनही मोठी वाटते. ते पारितोषिक एर्लिख यांना १९०८ मध्येच मिळाले होते.

तिसरे अल्बर्ट आइन्स्टाइन. जन्म १८७९, गाव उल्म. लहानपणी ते उशिरा बोलायला लागले, म्हणून आईवडील काळजीत होते. गणितात ते नापास झाले होते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. गणितात ते पहिल्यापासून हुशार होते. आणि पाहा, टेलेमानच्या आईने वाद्ये काढून घेतली, तर अल्बर्टच्या आईने आग्रहाने त्याच्या हातात व्हायोलिन दिले! तारीख एकच, पण घरे किती निराळी! १९२४ मध्ये आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी त्यांना एक निबंध पाठवला. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो छापून आणला.

उल्म गावाने १९२२ मध्ये एका रस्त्याला त्यांचे नाव दिले. फ्रँकफुर्टमध्येही एर्लिख यांच्या नावाचा रस्ता होता. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. आइन्स्टाइन आणि एर्लिख दोघेही ज्यू घरात जन्मलेले. माणसाने काय केले, हे त्या सत्तेने विचारले नाही. तो कोणाच्या घरी जन्मला, एवढेच विचारले. उल्मच्या रस्त्याची पाटी त्याच वर्षी बदलली. फ्रँकफुर्टची पाटीही पुढे उतरवली. एर्लिख तर १९१५ मध्येच वारले होते! त्यांच्या पत्नी हेडविग यांना म्हातारपणी देश सोडावा लागला. आइन्स्टाइन अमेरिकेत राहिले.

१९४५ मध्ये युद्ध संपले, हिटलरची सत्ता गेली आणि उल्ममध्ये जुनी पाटी परत लागली. फ्रँकफुर्टमध्येही एर्लिख यांचे नाव परत आले. १९९० मध्ये निघालेल्या जर्मनीच्या २०० मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. आइन्स्टाइन मात्र पुन्हा जर्मनीत गेले नाहीत. १४ मार्च १९५१ रोजी अमेरिकेत त्यांचा बहात्तरावा वाढदिवस झाला. छायाचित्रकार दिवसभर त्यांना हसायला सांगत होते. ते कंटाळले. गाडीत बसल्यावर पुन्हा कोणी तरी हसायला सांगितले, तेव्हा त्यांनी चक्क जीभ बाहेर काढली! तो फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल.