कारण लिहिल्याशिवाय डिस्चार्ज नको



कुपोषण आणि क्षयरोग यांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोललं गेलं आहे. मी आज लहान मुलांच्या पक्षाघाताबद्दल बोलणार आहे. तो विरळ आहे, आणि विरळ असल्यामुळेच ओळखायला उशीर होतो.

उधव्याच्या बाजूचं सहा वर्षांचं एखादं मूल डोळ्यांपुढे आणा. सकाळी उठलं ते उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं. घरचे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. आधी भगत, मग तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, तिथून सिल्वासा किंवा वलसाड, नाहीतर थेट मुंबई. वाटेत कुठेतरी सीटी स्कॅन होतो. दोन आठवड्यांत मूल पाय टाकू लागतं आणि कार्डावर ‘उजव्या बाजूचा पक्षाघात’ एवढंच लिहून घरी येतं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ते वीटभट्टीवर जातं. दुसरा झटका तिथे आला, तर पहिला कशामुळे आला होता हे सांगणारा एकही कागद जवळ नसतो.

पक्षाघात हे लक्षण झालं, निदान नव्हे. पक्षाघाताच्या कारणांचं प्रौढांसाठीचं ‘टोस्ट’ वर्गीकरण १९९३ मध्ये आलं. त्यातला मोठा भार धमन्या कठीण होण्यावर आहे, त्यामुळे मुलांना ते बसत नाही. २०१२ मध्ये मुलांसाठी ‘कॅस्केड’ वर्गीकरण आलं आणि त्याने प्रश्न बदलले. मेंदूतली धमनी एका बाजूची अरुंद झाली आहे की दोन्हीकडच्या? मानेतली धमनी चिरली आहे का? गुठळी हृदयातून सुटली का? या उत्तरांवरच पुढचा धोका ठरतो. अनेक देशांतल्या ३५५ मुलांच्या अभ्यासात वर्षभरात सुमारे १२ टक्के मुलांना पुन्हा झटका आला. मोयामोया, म्हणजे मेंदूच्या धमन्या हळूहळू अरुंद होत जाण्याचा आजार, असलेल्या मुलांत हे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होतं. धमन्या निर्दोष असलेल्यांत फार कमी. म्हणजे धमन्यांची तपासणी न करता ‘पुन्हा होणार नाही’ असं आईला सांगणं हा निव्वळ अंदाज आहे.

आपल्या डहाणू-तलासरी तालुक्यांत पहिली तपासणी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची हवी. अमेरिकेतल्या सिकलसेल पीडितांपैकी सुमारे ११ टक्क्यांना विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होत असे, आणि रक्त न दिल्यास त्यांतल्या बहुसंख्य मुलांना तो पुन्हा गाठत असे. आपल्याकडच्या जनुकप्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहतं, म्हणून आजार सौम्य, असं आपण शिकलो. सरासरीपुरतं ते खरं आहे. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र दाखवून दिलं की तो सगळ्याच मुलांत सौम्य नसतो. उलट बाजूही सांगतो. मूल नुसतं वाहक निघालं, तर ते पक्षाघाताचं कारण समजून शोध थांबवू नका.

सिकलसेलमध्ये पहिला झटका येण्याआधीच धोका मोजता येतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. डोक्यावर सोनोग्राफीसारखा प्रोब ठेवून धमनीतल्या रक्ताचा वेग पाहायचा. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं, तर पहिल्या पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून जास्त घटतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झालं. पण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त म्हणजे सायवनच्या कुटुंबाची मजुरी बुडणार, आणि रक्त मिळेलच असंही नाही. नायजेरियातल्या डॉक्टरांनी याच अडचणीतून हायड्रॉक्सियुरियाचा मार्ग काढला. झटका येऊन गेलेल्या मुलाला रक्तच श्रेष्ठ. ते जमत नसेल तर हे औषध तरी चुकता कामा नये.

बाकीची कारणंही इथलीच आहेत. संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप, जन्मजात हृदयदोष, क्षयाचा मेंदूज्वर, काही महिन्यांपूर्वी येऊन गेलेल्या कांजिण्या. आणि एक कारण फार हुकतं. सहा ते अठरा महिन्यांचं बाळ खाटेवरून पडतं, मार किरकोळ, तरी काही वेळाने एक बाजू लुळी पडते. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्यांवर क्षारांच्या रेषा दिसतात. हैदराबादच्या डॉक्टरांनी हे चित्र नीट मांडलं. बहुतेक बाळं चांगली सुधारतात, मात्र पुन्हा पडल्यास झटका पुन्हा येऊ शकतो. लोहाची कमतरता तपासा आणि आईला बाळाला पडण्यापासून जपायला सांगा. इतका साधा सल्लासुद्धा कारण कळल्याशिवाय देता येत नाही.

साधनं अगदीच नाहीत असं नाही. डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. सर्पदंशाचा अभ्यास तिथून झाला, तसा याचाही होऊ शकतो. राष्ट्रीय सिकलसेल अभियान २०२३ पासून सुरू आहे. सीमेपलीकडच्या वलसाडचे यज़्दी इटालिया यांना सिकलसेलच्या कामासाठी २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ते काम आपल्या हाकेच्या अंतरावर उभं राहिलं आहे.

म्हणून माझी मागणी आहे की डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात दोन ते सोळा वर्षांच्या प्रत्येक सिकलसेल पीडित मुलाची रक्तवेग तपासणी दरवर्षी व्हावी, आणि पक्षाघात झालेल्या मुलांची एकच नोंदवही पालघर, वलसाड आणि सिल्वासा यांनी मिळून ठेवावी. आणि इथे काम करणाऱ्या तुम्हा प्रत्येक डॉक्टर-परिचारिकेला विनंती आहे की डिस्चार्ज कार्डावर कारण लिहा. ते सापडलं नसेल तर कोणत्या तपासण्या झाल्या, कोणत्या राहिल्या आणि मुलाला पुन्हा कधी आणायचं, हे मराठीत, आईला वाचून दाखवता येईल असं लिहा.